निवासी शाळेत घरून ये-जा करणारी मुलगी: तयारी संध्याकाळपासून उलट्या क्रमाने करा

शाळेच्या पहिल्या आठवड्यात हे चित्र दरवर्षी ठरलेलं. संध्याकाळचे साडेसात वाजलेत. होस्टेलच्या मुली ताटं घेऊन मेसच्या रांगेत उभ्या आहेत आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर एक सहावीतली मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली आहे. तिला न्यायला कोण येणार हे तिलाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. आई फोनवर म्हणते बाबा निघालेत, बाबा म्हणतात रिक्षावाल्या काकांना सांगितलंय, आणि काका फोन उचलत नाहीत.

ठाण्यातल्या मुलींच्या एका निवासी शाळेत मी अकरा वर्षं रेक्टर, म्हणजे वसतिगृहप्रमुख, होते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलींची तयारी पालक चोख करतात, कारण शाळाच यादी देते: चादरी दोन, बादली एक, कपड्यांवर नावाच्या पट्ट्या शिवलेल्या. घरून ये-जा करणाऱ्या, म्हणजे आमच्या बोलण्यात ‘डे’च्या मुलींसाठी अशी यादी नसते. मग पालक धरून चालतात की ही नेहमीसारखीच शाळा, आवारात होस्टेल आहे एवढंच. इथेच गाडी चुकते. त्या आवारातलं घड्याळ तिथे झोपणाऱ्या मुलींसाठी लावलेलं असतं. तुमची मुलगी त्या घड्याळात मधूनच शिरते आणि मधूनच बाहेर पडते.

दिवसातून दोनदा ती गेट ओलांडणार. तिच्याबरोबर काय आत येणार, काय बाहेर जाणार आणि तिला कोण घेऊन जाणार, हे आधी ठरवायचं असतं. ते ठरवण्याचा क्रमही बहुतेक घरांत चुकीचा असतो. सगळे सकाळपासून सुरुवात करतात: गजर, बस, डबा. तुम्ही संध्याकाळपासून मागे या.

## टप्पा १: दारामागचं वेळापत्रक मिळवा

माहितीपुस्तिकेत छापलेलं वेळापत्रक वर्गांचं असतं. तुम्हाला हवं ते रेक्टरच्या खोलीत, दारामागे चिकटवलेलं. आमच्याकडचं साधारण असं होतं: सातला नाश्ता, पावणेआठला प्रार्थना, एकला जेवण, साडेचारला खेळ, साडेपाचला दूध आणि खाणं, सहा ते सव्वासात अभ्यास, साडेसातला जेवण, साडेनऊला दिवे बंद.

प्रवेश पक्का करण्याआधी ते मागा आणि चार प्रश्न विचारा. डेच्या मुलीला संध्याकाळचा अभ्यास बंधनकारक आहे का? खेळांचा सराव रविवारी असतो का? दुपारचं जेवण आणि संध्याकाळचं खाणं फीमध्ये धरलंय की वेगळं? आणि शनिवारी ती किती वाजता मोकळी होते? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका, फीच्या पावतीवर ते वेगळ्या ओळीत लिहिलेलं असावं. शनिवारच्या बाबतीत तर शाळेतल्या दोन माणसांकडून दोन उत्तरं मिळतात, तेव्हा रेक्टरचं खरं माना.

## टप्पा २: ‘चारची’ की ‘सातची’, ते ठरवा

डेच्या मुलींत दोन प्रकार असतात. वर्ग सुटले की निघणारी ‘चारची’ आणि खेळ, खाणं, अभ्यास उरकून निघणारी ‘सातची’. दोन्ही चालतं. सोमवारी चारची, मंगळवारी सातची, बुधवारी बाबांची मीटिंग लवकर संपली म्हणून साडेपाचची, हे मात्र चालत नाही. अशी मुलगी कुठल्याच संघात बसत नाही, तिची हजेरी कोणाच्या वहीत आहे हे कोणालाच कळत नाही, आणि दोन महिन्यांत तिला वाटायला लागतं की आपण इथल्या नाहीच.

माझं मत विचाराल तर सातवीपर्यंत चारची आणि आठवीपासून सातची. मोठ्या मुलींचा गृहपाठ तिथल्या अभ्यासाच्या तासातच होतो, शेजारच्या बाकावर अडलेलं सांगणारी कोणीतरी असते. घरी आठला पोचून पुन्हा वह्या उघडायच्या म्हणजे मुलीचा आणि आईचा, दोघींचा रडकुंडीचा कार्यक्रम. निवड एका सत्रासाठी करा, लिहून द्या आणि सहामाही परीक्षेपर्यंत बदलू नका.

सावध: जूनमध्ये ठाण्यात सव्वासात वाजेपर्यंत उजेड असतो. नोव्हेंबरच्या अखेरीस सहालाच सूर्य मावळतो. जूनमध्ये ‘सातची’ ठरवताना डोळ्यांसमोर डिसेंबरचा अंधार आणा. बसथांब्यापासून घरापर्यंतच्या शेवटच्या दहा मिनिटांच्या रस्त्यावर दिवे आहेत का, ते रात्री जाऊन बघा.

## टप्पा ३: नेणाऱ्यांची नावं द्या

कागदावर तीन नावं द्या, प्रत्येकाचा फोटो, नातं आणि फोन नंबर. आई आणि बाबा ही दोन नावं पुरत नाहीत, कारण दोघंही एकाच ट्रॅफिकमध्ये अडकू शकतात. तिसरं नाव शाळेपासून अर्ध्या तासाच्या आत राहणाऱ्या माणसाचं हवं. ऐरोलीत घर आणि शाळा घोडबंदर रोडला असेल, तर ठाण्यातली मावशी वाशीच्या काकापेक्षा कामाची.

कागद दिल्यावर तिघांनाही एकदा शाळेत न्या आणि वॉचमनकाकांची ओळख करून द्या. हा सल्ला पालकांना हास्यास्पद वाटतो. पण संध्याकाळी ऑफिस बंद झाल्यावर गेटवर फाइल नसते, काकांची नजर असते. काकांनी ओळखलं नाही तर सख्ख्या मामालाही अर्धा तास उभं राहावं लागतं, आणि तसंच व्हायला हवं.

आयत्या वेळी चौथं माणूस पाठवायची वेळ आली, तर आधी रेक्टरला फोन करा आणि मग मेसेजही टाका. माणसाने मुलीला एक ठरलेला शब्द सांगायचा. आमच्याकडच्या एका मुलीचा शब्द ‘काकडी’ होता. तिच्या काकांना तो सगळ्यांसमोर उच्चारायची लाज वाटली, म्हणून मुलगी त्यांच्याबरोबर जायला तयार होईना. त्या मुलीचं मला फार कौतुक वाटलं.

दादाची स्कूटर नको. सतरा वर्षांचा भाऊ ॲक्टिव्हा घेऊन गेटवर येतो, हे दर आठवड्याला दिसायचं. सोळा वर्षांच्या मुलाला परवाना मिळतो तो बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा. ॲक्टिव्हा त्यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीनाच्या हाती गाडी दिल्याबद्दल पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणीही बारा महिने रद्द होते.

स्कूल बस असेल तर राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार मुलींची ने-आण करणाऱ्या बसमध्ये महिला सहायक लागते आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते. समितीत पालकांचा प्रतिनिधी कोण, हे विचारून ठेवा. नेहमीची तक्रार एकच असते: महिला सहायक सकाळच्या फेरीला असते, संध्याकाळच्या फेरीला नसते. म्हणून बस सकाळी नाही, संध्याकाळी बघायला जा.

लोकल असेल तर सवलतीच्या पासाचा अर्ज शाळेच्या ऑफिसात मिळतो आणि त्यावर शाळेची सही-शिक्का लागतो. सवलत घराच्या स्टेशनपासून शाळेच्या स्टेशनापर्यंतच असते. मुलगी आठवड्यातले दोन दिवस कोपरखैरण्याला आजीकडे उतरणार असेल, तर ते पास काढण्याआधी लक्षात घ्या. अर्ज जुना पास संपण्याच्या आदल्या दिवशी मागू नका. क्लार्कबाई नेमक्या त्या दिवशी रजेवर असतात. आठवीच्या आतल्या मुलीला एकटीला लोकलने पाठवू नये असं माझं मत आहे. ठाण्याला नवी मुंबईकडून येणारी ट्रान्स-हार्बरची गाडी नऊ-दहा नंबरच्या फलाटावर येते, आणि पश्चिमेला जायचं तर संध्याकाळचा पूल ओलांडावा लागतो. तिथे मोठ्या माणसाचंही दप्तर गर्दीबरोबर निघून जातं.

*तपासा:* मुलीला तिन्ही माणसांचे नंबर पाठ आहेत का? मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे ‘फोनमध्ये सेव्ह आहेत’ याचा उपयोग नाही.

## टप्पा ४: रस्ता खऱ्या वेळी करून बघा

मे महिन्यातल्या रविवारी सहकुटुंब गाडीतून जाऊन ‘वीस मिनिटं लागली’ म्हणणारे पालक मी दरवर्षी पाहिले. मे महिन्यात शाळा बंद, निम्मं ठाणं गावाला. चाचणी करायची ती जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, कामाच्या दिवशी, पाऊस पडत असताना आणि संध्याकाळी परतीच्या दिशेने. मुलगी ज्या वाहनाने येणार त्याच वाहनाने जा. ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर टीएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या बसच्या, रांगेत एकदा उभं राहिलात की कळेल, वेळ बसमध्ये नाही, बसची वाट पाहण्यात जातो. दोनदा करा. दोन्हींत जास्त वेळ लागला तो खरा धरा.

## टप्पा ५: डबा की मेस

थालीपीठ आणि लोण्याचा डबा उघडल्यावर काय होतं, ते एकदा माझ्यासमोर घडलं. झाकण निघालं, वास गेला आणि आठ हात एकदम आले. कोणी हावरट नव्हतं. त्या मुलींनी तीन आठवडे घरचं काही खाल्लं नव्हतं. डब्याच्या मालकिणीच्या हाती एक कड उरली. दुसऱ्या दिवशी तिच्या आईने दुप्पट डबा दिला. तिसऱ्या दिवशी बारा जणी आल्या.

डबा मोठा करणं हा उपाय नाही. सोमवार ते शुक्रवार मुलीने मेसमध्येच जेवावं. सगळ्यांबरोबर त्याच आमटीला नावं ठेवणं हा मैत्रीचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. डबा शनिवारी द्या, वाटण्यासाठीच द्या, आणि सुका द्या: तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले, चिवडा. एखादा पदार्थ चालत नसेल, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर मेसच्या मावशींना तोंडी सांगून भागवू नका. मेट्रनकडे, म्हणजे होस्टेलमध्ये मुलींची देखभाल करणाऱ्या बाईंकडे, डॉक्टरांची चिठ्ठी द्या.

## टप्पा ६: लॉकर आणि एका रात्रीची पिशवी

डेच्या मुलीला लॉकर मिळतो का विचारा. मिळत नसेल तर मागा. खेळाचे बूट, सॅनिटरी पॅड, एक जादा गणवेश आणि पावसाळ्यात कोरडे मोजे रोज पाठीवर वाहायची गरज नाही.

याहून महत्त्वाची ती कापडी पिशवी, जी जूनमध्ये मेट्रनच्या कपाटात जाते आणि देव करो, दिवाळीत न उघडता परत येते. त्यात रात्रीचे कपडे, अंतर्वस्त्रांचे दोन जोड, टॉवेल, ब्रश, कंगवा, पॅडचं पाकीट, रोजचं औषध असेल तर तीन दिवसांचं औषध आणि चिठ्ठी. पिशवीवर नाव.

कारण सांगायची गरज नसावी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि अनेक मुलांनी ती रात्र शाळेत काढली. तेवढा पाऊस लागतच नाही. वंदना टॉकीजपाशी पाणी भरलं आणि लोकल थांबल्या की संध्याकाळी सातला मुलीला बाहेर काढण्यापेक्षा आत ठेवणं शहाणपणाचं. निवासी शाळेचा हा खरा फायदा आहे, आणि पालक तो घेत नाहीत, कारण परवानगीचं पत्र दिलेलं नसतं. पत्रात तीन गोष्टी लिहा: अडचणीच्या दिवशी मुक्कामाला आमची संमती आहे, निर्णय रेक्टरने घ्यावा, आणि आम्हाला या क्रमाने या नंबरांवर कळवावं. ती कुठे झोपणार तेही विचारून घ्या. आमच्याकडे सिकरूमशेजारच्या खोलीत दोन खाटा होत्या.

सावध: जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली की घरोघरी एकच प्रश्न: होस्टेलच्या मुली तर शाळेतच आहेत, त्यांचे तास होतील, मग हिने का चुकवायचं? पाठवू नका. त्या दिवशी शिकवलेलं दुसऱ्या दिवशी वहीवरून उतरवता येतं.

## टप्पा ७: तिची कुरिअर होऊ देऊ नका

इतर सगळ्या चुका निस्तरता येतात. या एका चुकीने मुलींना शाळा सोडावी लागलेली मी पाहिली आहे, म्हणून इथे जरा थांबते.

होस्टेलच्या मुलींसाठी डेची मुलगी म्हणजे बाहेरच्या जगाची खिडकी. पहिल्या आठवड्यात मागणी येते ती साधी: एक वडापाव, एक पेन, केसांचे रबर. दुसऱ्या महिन्यात मॅगीची पाकिटं, नेलपॉलिश, कोणाच्या तरी चपला. मग एक दिवस ‘फक्त चार्जर’, ‘फक्त सिम’, ‘हे पाकीट स्टेशनपाशी एका मुलाला दे, तो ओळखेल’. मुलगी नाही म्हणू शकत नाही, कारण तिला त्या घोळक्यात जागा हवी असते आणि जागेची ही किंमत आहे असं तिला वाटतं. पकडली जाते ती तीच, कारण गेटवर तपासलं जातं ते तिचं दप्तर.

पालक इथे दोन चुका करतात. पहिली, स्वतःच कुरिअर होतात. कोल्हापूरच्या मैत्रिणीची आई फोन करते, ‘ताई, माझ्या लेकीला खोकला आहे, एवढं सिरप पाठवाल?’ भल्या मनाने तुम्ही पाठवता. आता त्या मुलीने कोणतं औषध किती घेतलं हे मेट्रनला माहीत नाही. दुसरी, ‘अजिबात काही न्यायचं नाही’ असा धाक घालतात. धाकाने देवघेव थांबत नाही, फक्त तुम्हाला कळायची थांबते.

चालतं ते असं. सुरुवातीलाच रेक्टरला भेटा आणि वहीची पद्धत मागा: काही आणायचं असेल तर होस्टेलच्या मुलीने वहीत लिहायचं, रेक्टरने सही करायची, तरच डेच्या मुलीने आणायचं, आणि वस्तू ऑफिसात द्यायची, हातात नाही. शाळा तयार नसेल तर मुलीला नकाराचं वाक्य पाठ करून द्या, ज्यात दोष तुमच्यावर येतो: ‘आई रोज दप्तर उपसते गं, मला जमणार नाही.’ आणि मग खरंच दप्तर उपसा, आठवड्यातून एकदा, तिच्यासमोर. वाक्य खोटं पडता कामा नये.

बाहेर न्यायच्या वस्तूंचं तर उत्तर एकच. बंद पाकीट, चिठ्ठी, पैसे यांपैकी काहीही बाहेर येणार नाही. कोणी दबाव आणत असेल, धमकावत असेल, तर ते मुलींच्या आपसातलं भांडण समजू नका. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी. तिथे लेखी द्या. शाळेत बोलायची सोय वाटत नसेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

*तपासा:* मुलीच्या कंपासपेटीत तिचे नसलेले पैसे आहेत का? दहा-वीसच्या घडी केलेल्या नोटा हे पहिलं लक्षण.

## टप्पा ८: ताप, डोळे आणि उवा

वसतिगृहात साठ मुली एका छताखाली झोपतात. तुमच्या मुलीने नेलेला ताप तीन दिवसांत तीन खोल्यांत जातो, आणि तिथला तुमच्या घरी येतो. ताप, जुलाब, अंगावर पुरळ किंवा आलेले डोळे असतील तर परीक्षा असली तरी घरी ठेवा आणि मेट्रनला कारण खरं सांगा. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती. असल्या साथीत ‘सर्दी आहे’ असं सांगून लाल डोळ्यांची मुलगी पाठवणारी एक आई होस्टेलभर टॉवेल उकळायला लावते.

उवांबद्दल लाजू नका. दर रविवारी बारीक फणीने, पांढऱ्या कापडावर केस विंचरा. सापडल्या तर औषध डॉक्टरांना विचारून लावा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावावं लागतं का तेही विचारा, कारण लिखा मागे राहतात. शाळेला कळवा. उवा एकट्या तुमच्या मुलीच्या डोक्यात कधीच नसतात.

## टप्पा ९: सकाळ

आता सकाळ. पहिल्या तासाला नाही, प्रार्थनेच्या दहा मिनिटं आधी पोचेल असं बघा. रात्री होस्टेलमध्ये काय झालं, कोण कोणाशी बोलत नाही, पाल कुठे निघाली, हे सगळं त्या दहा मिनिटांत सांगितलं जातं. ते चुकलं की दिवसभर मुलीला कोणाच्या हसण्याचा अर्थ लागत नाही. बाकी आंघोळ, वेणी, बाटली हे तुम्हाला येतंच.

## टप्पा १०: मैत्रिणीला घरी आणताना

गणपतीत मुलगी विचारणारच, ‘आई, हिला आपल्याकडे आणू?’ जरूर आणा. पण ‘तिच्या आईशी फोनवर बोलणं झालंय’ या भरवशावर गेटवर येऊ नका. होस्टेलच्या मुलीला बाहेर सोडायला तिच्या पालकांचं रेक्टरच्या नावे लेखी पत्र लागतं: कोणाकडे, किती वाजता निघणार, किती वाजता परत येणार, रात्रीचा मुक्काम आहे की नाही. पत्र निदान चार दिवस आधी पोचावं. न्यायला आणि सोडायला तुम्ही दोघांपैकी एकाने जावं, रिक्षावाल्या काकांनी नाही. घरी पाहुणे पुरुष मुक्कामाला असतील तर रात्री ठेवून घेऊ नका, जेवून सोडा. गेटबुकात परतीची वेळ तुमच्या हाताने लिहा.

परत सोडताना तिच्या हातात मोदकांचा डबा द्याल तेव्हा एकवीस मोजून देऊ नका. तिच्या खोलीत किती जणी आहेत ते विचारा आणि तेवढेच द्या, वर एक वॉचमनकाकांना. उकडीचे असतील तर रात्रीच संपवायला सांगा. सकाळपर्यंत गादीखाली ठेवलेल्या मोदकाला मुंग्या लागतात, आणि मग साऱ्या खोलीची झाडाझडती होते.